आई येणार, ईएडी संपणार: एडिसनच्या एका घराचा डिपेंडंट केअर एफएसए

नोव्हेंबर २०२५, एडिसन, न्यू जर्सी. नवऱ्याच्या कंपनीत ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचे लाभ निवडायची मुदत, संपत आलंय. हेल्थ, डेंटल, व्हिजन सगळं गेल्या वर्षीसारखंच ठेवून झालं. एकच रकाना उरला आहे: डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मुलांच्या सांभाळासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला काढायचं खातं. गेली दोन वर्षं या रकान्यात शून्य होतं. या वर्षी पोर्टलवर कमाल मर्यादा ५,००० ऐवजी ७,५०० डॉलर दिसते आहे, म्हणून दोघं जरा थांबले आहेत.

घर असं आहे. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असून ईएडी (काम करण्याचा परवाना) घेऊन नोकरी करते. ४०१के (निवृत्तीची बचत) वगैरे वजा जाऊन त्याचा वर्षाचा करपात्र पगार १,१८,००० डॉलर, तिचा ६४,०००. अडीच वर्षांची मुलगी डेकेअरला जाते, महिन्याला १,७५० डॉलर. वर्षाचे २१,००० होतात, म्हणजे तिच्या हातात पडणाऱ्या पगाराचा मोठा हिस्सा डेकेअरच नेतं. रिटर्न दोघं एकत्र भरतात आणि स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरलेली वजावट) घेतात. हे जोडपं प्रातिनिधिक आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. नियम मात्र जसे आहेत तसेच मांडले आहेत.

शून्य का लिहिलं होतं

मी विचारलं तेव्हा याचं उत्तर दोघांनी वेगवेगळं दिलं, आणि दोन्ही उत्तरं आपल्या बहुतेक घरांत ऐकू येतात.

नवरा म्हणाला, "दर वर्षी आई सहा महिने येते. तेव्हा डेकेअर बंद ठेवतो. मग खात्यात पैसे उरले तर बुडणारच ना?" बायकोचं कारण निराळं होतं. तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे एफएसएमध्ये काही शे डॉलर उरले आणि वर्षअखेरीला गेले. "वापरा नाहीतर सोडा" हा नियम तेव्हापासून तिच्या मनात घट्ट बसला होता.

मैत्रिणीचा एफएसए होता औषधोपचाराचा, म्हणजे हेल्थ एफएसए. मुलांच्या सांभाळाचा एफएसए वेगळा. नाव सारखं, कंपनीचं पोर्टल एक, कार्डही कधीकधी एकच, त्यामुळे गफलत होणं साहजिक आहे. पण दोन्हींतली जोखीम सारखी नाही. वर्षभरात किती वेळा दात दुखेल, चष्मा बदलावा लागेल का, हे कुणाला आधी सांगता येत नाही. डेकेअरचं बिल मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेला येतं आणि ते किती येणार हे आजच माहीत असतं. आधी कळलेल्या खर्चासाठी पैसे बाजूला काढताना हात आखडता घ्यायचं कारण नाही.

नवऱ्याच्या धास्तीचा हिशेब तर दोन ओळींत संपतो. आई सहा महिने आली तरी उरलेल्या सहा महिन्यांचं डेकेअर १०,५०० डॉलर होतं. जुनी मर्यादा होती ५,०००, आणि ती तिसऱ्याच महिन्यात ओलांडली जात होती. नवी मर्यादा ७,५००, तीही पाचव्या महिन्यात भरते. आईच्या येण्याने पैसे बुडण्याची वेळ या घरावर कधी येणारच नव्हती.

पैसे वाचतात ते कसे

अमेरिकेच्या करकायद्यातलं कलम १२५ हे १९७८ सालचं. कर्मचाऱ्याने पगारातला काही भाग रोख घेण्याऐवजी ठरावीक लाभांसाठी वळवला, तर त्या भागावर कर लागत नाही, अशी सोय त्याने केली. मुलांच्या वा परावलंबी माणसाच्या सांभाळाचा खर्च कलम १२९ खाली १९८१ मध्ये आला. १९८६ च्या करसुधारणेत त्याला ५,००० डॉलरची मर्यादा घातली गेली. महागाईप्रमाणे वाढण्याची तरतूद तिच्यात नव्हती, त्यामुळे कोविडकाळातल्या २०२१ या एका वर्षाचा अपवाद सोडला (तेव्हा ती १०,५०० होती) तर २०२५ पर्यंत तीच मर्यादा राहिली. १९८६ च्या ५,००० डॉलरची आजची किंमत १४,००० च्या पुढे जाते. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या करकायद्याने २०२६ पासून ती ७,५०० केली. पण या वेळीही महागाईशी जोडली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वर्षाला २१,००० भरणाऱ्या घराला ७,५०० चा आडोसा म्हणजे जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा.

तरी जो आहे तो घ्यायला हवा. या रकमेवर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपातही लागत नाही. हे जोडपं २२ टक्क्यांच्या टप्प्यात येतं, त्यात पगारातून जाणारे ७.६५ टक्के मिळवले की २९.६५ टक्के होतात. ७,५०० डॉलरवर २,२२३ डॉलर ७५ सेंट. वर्षाला २६ पेचेक असतील तर प्रत्येकातून २८८ डॉलर ४६ सेंट कापले जातील, पण कर वाचल्यामुळे घरी येणारी रक्कम साधारण २०३ डॉलरनीच कमी होईल.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. बऱ्याच राज्यांत फेडरलच्या जोडीला राज्याचा करही वाचतो, न्यू जर्सीत वाचत नाही. हे राज्य कलम १२५ ची सवलत मानत नाही. त्यामुळे डब्ल्यू-२ वर (कंपनीच्या वर्षअखेरच्या पगारपत्रकावर) राज्याच्या पगाराचा आकडा फेडरलपेक्षा मोठा दिसतो आणि दर फेब्रुवारीत कुणीतरी घाबरून विचारतं, की पेरोलवाल्यांनी चूक केली का. चूक नसते. काही ऑनलाइन कॅल्क्युलेटर मात्र राज्याचा कर मिळवून जास्त बचत दाखवतात, ती न्यू जर्सीकरांनी खरी धरू नये.

टॅक्स क्रेडिट घेतलं असतं तर?

गेली दोन वर्षं हे जोडपं अगदीच रिकाम्या हाताने बसलं नव्हतं. रिटर्न भरताना त्यांनी चाइल्ड अँड डिपेंडंट केअर क्रेडिट (सांभाळाच्या खर्चावर करातून थेट मिळणारी सूट) घेतलं होतं. एका मुलासाठी ३,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरला जातो, त्यांच्या उत्पन्नाला दर होता २० टक्के, म्हणजे ६०० डॉलर. त्याच वर्षी ५,००० एफएसएमध्ये टाकले असते तर १,४८२ डॉलर ५० सेंट वाचले असते. दर वर्षी ८८२ डॉलर ५० सेंट हातचे गेले, दोन वर्षांत १,७६५.

दोन्ही लाभ एकाच खर्चावर मिळत नाहीत. एफएसएमधून जेवढं घ्याल तेवढं क्रेडिटच्या ३,००० मधून वजा होतं. दोन वा जास्त मुलं असतील तर ६,००० मधून. म्हणून "हेही घेऊ, तेही घेऊ" चालत नाही, निवडावं लागतं.

२०२६ पासून क्रेडिटचे दरही बदलले आहेत, आणि ही गोष्ट ओपन एनरोलमेंटच्या माहितीपत्रकांत मला फारशी दिसत नाही. एकत्र रिटर्न भरणाऱ्यांचं उत्पन्न साधारण ४५,००० ते १,५०,००० च्या दरम्यान असेल तर दर ३५ टक्के. त्यापुढे दर ४,००० डॉलरमागे एक टक्का कमी होत २० पर्यंत खाली येतो. १,८२,००० ला तो २७ टक्के पडतो. ३,००० वर ८१० डॉलर. समोर एफएसएचे २,२२३. या घराचं उत्तर स्पष्ट आहे.

पण हेच उत्तर शेजारच्या घराला लागू पडेलच असं नाही. समजा मुलं दोन आहेत, डेकेअरचा खर्च भरपूर आहे आणि उत्पन्न १,१०,००० आहे. करटप्पा १२ टक्क्यांचा, म्हणून ७,५०० च्या एफएसएवर वाचतात १,४७३ डॉलर ७५ सेंट. क्रेडिट घेतलं तर ६,००० च्या ३५ टक्के, २,१००. तिथे रकान्यात शून्य लिहिणंच शहाणपणाचं. ओळखीच्या कुणी पूर्ण मर्यादा भरली म्हणून आपणही भरायची, ही सवय २०२६ पासून महागात पडू शकते. आपला करटप्पा आणि मुलांची संख्या, या दोन गोष्टी कागदावर मांडल्याशिवाय आकडा टाकू नका.

खरी धास्ती कुठे होती

दोघांचं बोलणं आईच्या तिकिटाभोवती फिरत होतं. मी विचारलं, "तुझं ईएडी कधी संपतंय?" ती म्हणाली, "मार्चअखेर." आणि मग थोड्या वेळाने, "त्याचा याच्याशी काय संबंध?"

संबंध मोठा आहे. हा लाभ पालकांना काम करता यावं म्हणून आहे. नवरा-बायको दोघांनाही कमाई असली पाहिजे, आणि ज्या दिवसांचं डेकेअर धरायचं त्या दिवसांत दोघंही कामावर वा कामाच्या शोधात असले पाहिजेत. दोघांपैकी ज्याची वर्षाची कमाई कमी, त्या कमाईपेक्षा जास्त रक्कम करमुक्त धरता येत नाही. जोडीदार पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर कायदा त्याची मानीव कमाई धरतो, एका मुलासाठी महिन्याला २५०. पण एच-४वर असलेली आणि ईएडी नसलेली आई वर्षभर घरी असेल, तर कमाई शून्य आणि लाभही शून्य. मुलगी डेकेअरला जात असली तरी.

तिचं एच-४ ईएडी ३१ मार्च २०२६ ला संपणार होतं. नवऱ्याच्या एच-१बीच्या मुदतवाढीबरोबर तिचा अर्ज नोव्हेंबरमध्ये गेला. पूर्वी वेळेत अर्ज केला की जुनं ईएडी आपोआप पुढे चालायचं, एच-४च्या मुदतीच्या आत ५४० दिवसांपर्यंत. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना ही सवलत उरली नाही. नवं कार्ड एक एप्रिलपर्यंत हातात आलं नाही, तर त्या दिवसापासून तिला काम थांबवावं लागणार. २०१५ पासून अनेक मराठी बायकांनी या ईएडीवर आपलं करिअर पुन्हा उभं केलं आहे. एक कार्ड उशिरा आल्याने ते थांबावं हा प्रकार मला अतिशय अन्यायाचा वाटतो. पण इथे त्याचा एफएसएवरचा परिणामच बघू.

सगळं सुरळीत झालं, कार्ड वेळेत आलं आणि आई जूनमध्ये आली, तर जानेवारी ते मे डेकेअरचे ८,७५० डॉलर होतात. ७,५०० पूर्ण वापरले जातात.

कार्ड आलंच नाही तर? धरण्याजोगं डेकेअर जानेवारी ते मार्च एवढंच, ५,२५० डॉलर. तिची तीन महिन्यांची कमाई १६,०००, त्यामुळे कमाईची अट अडवत नाही. "मी कामाच्या शोधात आहे" असं म्हणून एप्रिलनंतरचं बिलही लावता येईल का, असं तिने विचारलं. काम करण्याची परवानगीच नसताना त्या आधारावर उभं राहू नका, असं मी स्पष्ट सांगितलं.

यात एक सोय आहे, तीच निर्णायक ठरली. एफएसएचा आकडा वर्षभर बदलता येत नाही असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. जोडीदाराची नोकरी जाणं वा लागणं, मूल होणं, डेकेअर बदलणं, डेकेअरचे दर वाढणं, पैसे देऊन ठेवलेल्या सांभाळाऐवजी आजीने फुकट सांभाळायला लागणं, या प्रसंगी डिपेंडंट केअर एफएसएची रक्कम पुढच्या काळासाठी वाढवता किंवा कमी करता येते. कंपनीच्या प्लॅनने हे बदल मान्य केलेले असले पाहिजेत आणि ठरलेल्या मुदतीत कळवलं पाहिजे. ही मुदत बहुतेक ठिकाणी ३० दिवसांची असते. नवऱ्याने एचआरला ईमेल केला, उत्तर लेखी आलं: बदल चालतो, ३० दिवसांत.

म्हणजे काम थांबलं तर एप्रिलमध्ये वर्षाची रक्कम ७,५०० वरून ५,२५० वर आणायची. तोवर कापले गेले असतील साधारण १,७००. उरलेली कपात लहान हप्त्यांत वर्षभर चालू राहील, आणि जानेवारी-मार्चच्या त्याच बिलांवर पैसे परत मिळत राहतील. बिल कोणत्या तारखांच्या सांभाळाचं आहे ते महत्त्वाचं, पैसे खात्यात कधी जमा झाले ते नाही.

या वाईट शक्यतेतली बचत मी पुन्हा मोजली, कारण उत्पन्न घसरलं की करटप्पाही घसरतो. त्याचे १,१८,००० आणि तिचे १६,००० मिळून १,३४,०००. २०२६ चं ३२,२०० चं स्टँडर्ड डिडक्शन वजा केलं की १,०१,८०० उरतात. २२ टक्क्यांचा टप्पा १,००,८०० च्या वर सुरू होतो. त्यामुळे एफएसएच्या ५,२५० पैकी फक्त पहिल्या १,००० वर २२ टक्के वाचतात, बाकी ४,२५० वर १२ टक्के. पगारकपातीचे ४०२ धरून एकूण सुमारे १,१३२ डॉलर. त्याच परिस्थितीत क्रेडिटचा दर ३५ टक्के, म्हणजे १,०५०. फरक ८२ डॉलरचा! फेडरल करापुरतं बघितलं तर वाईटात वाईट झालं तरी एफएसए क्रेडिटच्या मागे पडत नाही, पण फार पुढेही जात नाही.

आणि ३० दिवसांची मुदत चुकली तर? ७,५०० कापले जातील, ५,२५० परत मिळतील, २,२५० जातील. त्या ७,५०० वर कर वाचलेला असेल सुमारे १,५७४. म्हणजे निव्वळ ६७६ चा तोटा, शिवाय १,०५० चं क्रेडिटही हातचं गेलेलं. एका ईमेलची किंमत सतराशे डॉलरच्या वर. नवऱ्याने त्याच क्षणी फोनवर १ एप्रिलची आठवण लावली.

कुणाच्या पगारातून

मर्यादा घरटी आहे, माणशी नाही. दोघांच्या कंपन्यांत सोय होती, तरी मिळून ७,५०० च. तिची नोकरी थांबण्याची शक्यता असताना तिच्या पेरोलवर हे ठेवणं धोक्याचं होतं, कारण नोकरी सुटली की तिथली कपातही थांबते. त्याच्या पेरोलवर ठेवायचं ठरलं. ज्यांचा एकाचा पगार सोशल सिक्युरिटीच्या मर्यादेपलीकडे आहे (२०२६ साठी १,८४,५०० डॉलर) त्यांनी दुसऱ्याच्या पगारातून करावं, नाहीतर ७.६५ ऐवजी १.४५ टक्केच वाचतात.

हा एफएसए आधी पैसे देत नाही, हेही तिला सांगावं लागलं. हेल्थ एफएसएत वर्षाची सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. डिपेंडंट केअरमध्ये खात्यात जेवढं जमलंय तेवढंच परत मिळतं. जानेवारीचं १,७५० चं बिल आधी स्वतःच भरायचं, मग दर पेचेकनंतर २८८ परत येत राहणार. शिवाय शिल्लक पुढच्या वर्षी नेण्याची सोय फक्त हेल्थ एफएसएला आहे, याला नाही. काही कंपन्या पुढच्या १५ मार्चपर्यंतचा वाढीव काळ देतात, त्याच्या कंपनीत तो नव्हता.

आजी, आजोबा आणि काकू

यानंतर प्रश्नांची सरबत्ती झाली. प्रश्न सगळे आपल्या घरचे होते.

"आई सांभाळणार, तर तिलाच महिन्याला काही दिलं आणि ते एफएसएतून घेतलं तर?" नाही. त्या पर्यटक व्हिसावर येतात, पगार घेऊन काम करण्याची त्यांना परवानगी नाही. रिटर्नबरोबर सांभाळाच्या खर्चासाठी भरायच्या फॉर्म २४४१ वर सांभाळणाऱ्याचा करक्रमांकही द्यावा लागतो. जी आजी इथे कायम राहते, जिला काम करता येतं आणि जी तुमच्या रिटर्नवर अवलंबून म्हणून दाखवलेली नाही, तिला दिलेले पैसे चालतात. तिला मग ते आपल्या उत्पन्नात दाखवावे लागतात.

"बाबांना पुण्यात पडल्यापासून दिवसभराची बाई ठेवली आहे. पैसे आम्हीच पाठवतो." हे विचारताना तिचा आवाज हलका झाला. तोही खर्च बसत नाही. सांभाळ ज्यांचा करायचा ते वडीलधारे स्वतःची काळजी घेऊ न शकणारे, तुमच्यावर अवलंबून आणि अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्याच घरी राहणारे हवेत. पुण्यातले वडील या चौकटीत येत नाहीत. दोन देशांत विभागलेल्या घरांचा विचार या कायद्याने केलेला नाही.

मैत्रिणीची मुलं एका काकूंच्या घरी जातात, त्या रोख घेतात आणि सोशल सिक्युरिटी नंबर द्यायला तयार नसतात. मग तो खर्च एफएसएत धरणं अवघड. आयआरएस या फेडरल करखात्याचा फॉर्म डब्ल्यू-१० देऊन त्यांच्याकडे माहिती मागायची असते, आणि ती मागितल्याचा पुरावा ठेवायचा असतो. सहापेक्षा जास्त जणांना पैसे घेऊन सांभाळणारं केंद्र असेल तर त्याने राज्याचे नियमही पाळलेले हवेत. काकूंचं मन न दुखवता हे एनरोलमेंटच्या आधीच विचारून घ्यावं.

प्रीस्कूल चालतं, बालवाडीनंतरच्या किंडरगार्टनची फी चालत नाही, पण शाळेआधीचा वा नंतरचा सांभाळ चालतो. उन्हाळ्यातला दिवसाचा कॅम्प चालतो, रात्री मुक्कामाचा नाही. रविवारची मराठी शाळा आणि भरतनाट्यमचा क्लास यात बसत नाहीत. मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत ही सोय आहे, हे मोठ्या मुलांच्या आईबापांना बहुधा ठाऊकच नसतं.

जाता जाता सापडलेली एक अडचण

तिने आपल्या कंपनीत हेल्थ एफएसएला ६०० डॉलर टाकले होते. नवऱ्याचा इन्शुरन्स हाय-डिडक्टिबल (सुरुवातीचा बराच खर्च स्वतः करायचा असा), आणि तो त्याच्या जोडीचं एचएसए हे औषधोपचाराचं करमुक्त बचतखातं भरतो. बायकोच्या सर्वसाधारण हेल्थ एफएसएतून नवऱ्याचाही खर्च भागू शकतो, म्हणून तेवढ्यानेच नवऱ्याची एचएसए भरण्याची पात्रता जाते. या दोघांच्या पोर्टलांना एकमेकांची माहिती नसते, कुणी इशारा देत नाही. तिच्याकडे अजून दोन दिवस होते, तिने ती निवड काढून टाकली.

त्याऐवजी नवऱ्याने आपल्या कंपनीचा लिमिटेड पर्पज एफएसए घेतला. हा फक्त दात आणि डोळ्यांसाठी, एचएसएबरोबर चालतो. फेब्रुवारीत पुण्याला जाणार आहेत, तेव्हा त्याला दाढेवर कॅप बसवून घ्यायची आहे. परदेशातला दंतोपचारही यात चालतो. बिलावर दवाखान्याचं नाव, रुग्णाचं नाव, तारीख, काय उपचार केला आणि किती पैसे घेतले, हे सगळं हवं. नुसती "रक्कम मिळाली" अशी पावती परत येते. डॉक्टरांना तसं बिल मागितलं तर ते देतात, निघायच्या दिवशी आठवलं तर मात्र धावपळ होते.

काय ठरलं

त्याच्या पेरोलवर ७,५००. डेकेअरकडून त्यांचा करक्रमांक आणि महिन्यावार पावत्या मागवून ठेवल्या. एक एप्रिलला कार्ड हातात नसेल तर त्याच आठवड्यात एचआरला कळवून रक्कम ५,२५० वर आणायची. पुढे कार्ड आलं आणि ती पुन्हा कामावर गेली, तर परत ३० दिवसांत वाढवायची. त्या महिन्यांचं डेकेअर मग पुन्हा धरता येईल.

२०२७ च्या सुरुवातीला डब्ल्यू-२ येईल तेव्हा चौकट १० मध्ये ही रक्कम दिसेल. फॉर्म २४४१ चा तिसरा भाग भरायचा राहिला तर ती सगळी रक्कम पुन्हा उत्पन्नात धरली जाते आणि वाचलेला इन्कम टॅक्स भरावा लागतो. रिटर्न स्वतः भरणारे इथेच सर्वांत जास्त अडखळतात. नवऱ्याने पावत्यांच्या फोल्डरमध्ये त्या फॉर्मची कोरी प्रत आत्ताच टाकून ठेवली, आणि आईचं जूनचं तिकीट बुक केलं.